गजेंद्रकाकांचे ताक

आमच्या बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावात जेवणाचे कौतुक करण्याची एक वेगळी रीत होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या मळ्याकडे जाणाऱ्या लॉरीत कुणीतरी विचारायचे, "काल झोप लागली काय?" आणि उत्तर यायचे, "लागली की. गजेंद्राचं जेवण होतं." चवीबद्दल कुणी बोलत नसे. दोनतीनशे माणसे केळीच्या पानावर तुडुंब जेवून उठावीत आणि रात्री एकाचेही पोट कुरकुरू नये, ही गजेंद्र पांडू यांची ख्याती होती, आणि आमच्या गावाने ती वीस वर्षे गृहीत धरली होती.

आठवडाभर ते चहाच्या कारखान्यात भट्टीवर काम करीत. शनिवार-रविवारी लग्न, बारसे, पाडवा, गणेशचतुर्थी, जे असेल तेथे मोठी कढई त्यांची. उंच, किंचित वाकलेला माणूस. भुवयांचे केस धगीने कायमचे आखूड झालेले. कोकणातून पणजोबा ऊस तोडायला आले, त्यांच्यामागून घरात जे काही टिकले त्यात स्वयंपाकाची काही सूत्रे होती. ती काकांनी आईकडून घेतली होती. पदार्थ जिरवणे ही खाणाऱ्याची नव्हे, रांधणाऱ्याची जबाबदारी आहे, असे ते मानीत. "जिरत नाय ते वाढायचं कशाला?" हा त्यांचा सवाल असे.

म्हणून त्यांच्या पंगतीला एक क्रम होता. पानावर पहिल्यांदा मीठ आणि लिंबू चोळलेला आल्याचा पातळ काप. तो चावल्यावाचून भात वाढला जात नसे. मोठा पांढरा घेवडा रात्रभर भिजवायचा, पाणी टाकायचे, एकदा उकळून तेही पाणी टाकायचे, मग ओव्याच्या फोडणीत घालायचा. डाळीला हिंग, पण तुपात फुलवलेला. फणसाच्या भाजीत ठेचलेली सुंठ. आणि शेवटी ताक. पातळ, गार, भाजलेल्या जिऱ्याचे, आले आणि कढीलिंब घातलेले. एरवीही संध्याकाळी त्यांच्या मागच्या दाराशी कुणी ना कुणी उभे असे. पोट फुगलेल्याला ते चिमूटभर ओवा चावायला आणि वर कोमट पाणी प्यायला देत. तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचे पाणी लावायला सांगत. भूक मेलेल्या म्हाताऱ्याला जेवणाआधी आल्याचा रस आणि लिंबू. हे सगळे ते इतक्या कोरडेपणाने देत की त्याला औषध म्हणण्याचा धीर कुणाला होत नसे.

एकोणीसशे पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत जर्व्हेज वादळ आले. एप्रिलमध्ये पाडवा होता. तोवर छपरांचे पत्रे बदलून झाले होते, पण मळे अजून झोडपलेलेच दिसत होते, आणि म्हणूनच पाडवा दणक्यात करायचा असे गावातल्या मराठी मंडळाने ठरवले. मंडळाचे अध्यक्ष बलराम मास्तर होते; चिटणीस म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. मी तेव्हा राजधानीत, पोर्ट लुईमध्ये नोकरीला लागलो होतो आणि रविवारी गावी येत असे. आमच्या बैठकेत, म्हणजे ज्या सभागृहात संध्याकाळी मुलांचे मराठीचे वर्ग भरत आणि सणाला पंगती बसत तेथे, अडीचशे माणसे जेवली.

त्याच रात्री गाव आजारी पडले. पोटात कळा, उलट्या, जुलाब. सकाळपर्यंत साठेक माणसे अंथरुणाला खिळली. तिघांना इस्पितळात न्यावे लागले. त्यांत इंद्राणीआजी होत्या, वय सत्तरीचे, देहाने चिमणीएवढ्या. सुदैवाने तीन दिवसांत सगळे उठले. पण लॉरीत आता वेगळेच बोलणे सुरू झाले होते.

दोष कुणाचा हे ठरायला वेळ लागला नाही. घेवडा सुनयनाने शिजवला होता. सुनयना ही तिशीतली विधवा. काकांच्या हाताखाली भाज्या करीत असे, तिला त्या कामाची मनापासून आवड होती. अर्धा कच्चा घेवडा पोटाला बाधतो हे सर्वांना माहीत होते. शिवाय ती विधवा असून पाडव्याच्या स्वयंपाकाला लागली होती, हेही काहींना त्या दिवशी एकाएकी आठवले. बलराम मास्तरांनी मला सांगितले, "पुढच्या सभेत ठराव घे. चतुर्थीच्या स्वयंपाकघरात तिनं यायचं नाय. विषय संपला."

गजेंद्रकाकांच्या दृष्टीने विषय सुरू व्हायचा होता. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आजारी पडलेल्यांची नावं लिहून दे."

"कशाला, काका?"

"जेवण माझं. पोटं त्यांची बिघडली. कशानं ते मला कळायला नको?"

"घेवड्यानं म्हणतात सगळे."

"सगळे म्हणतात. पायलं कुणी?"

त्यांना वाचता येत होते, पण लिहिणे जड जाई. म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली. कारखान्यातून सुटले की ते एकेका घरी जात, आणि अंगातल्या कोटाच्या दोन खिशांत घेवड्याचे सुके दाणे टाकीत. आजारी माणसाने घेवडा खाल्ला असेल तर दाणा उजव्या खिशात. खाल्ला नसेल तर डाव्या. घेवडा झाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच घरे आणि फणसाची भाजी. मग भोपळा. मग पुरी. लोकांना प्रथम कणव आली, मग करमणूक वाटली, मग त्रास होऊ लागला. इंद्राणीआजी इस्पितळातून परतल्या होत्या. त्यांच्या ओट्यावर काका चौथ्यांदा गेले तेव्हा मी सोबत होतो.

"आयो, परत आला हा!" आजी आतूनच ओरडल्या. "अरे गजेंद्रा, काय खाल्लं ते विचारतोस, काय काय बाहेर पडलं ते पण विचार. ते मला जास्त चांगलं आठवतं."

"आजी, ताक पिलीस काय?"

"ताक? दोन पेले. तुझं ताक कोण सोडतं?"

काकांनी दाणा उजव्या खिशात टाकला आणि ते उठले. त्या संध्याकाळी ते आणखी अकरा घरी गेले. शेवटच्या घरातून बाहेर पडल्यावर रस्त्यावरच थांबून त्यांनी डाव्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

"ताक विचारलं तर सगळे उजवीकडे," ते म्हणाले. मग बराच वेळ धुक्यात चालत राहिले. "आणि आमी स्वयंपाकी कुणीच पडलो नाय. घेवडा तर आमी हादडला. पण आमी शेवटी ताक घेत नाय. चहा घेतो."

मी म्हणालो की ताकाने पोट बिघडते हे कुणाला पटणार नाही.

"मला पण पटत नाय," ते म्हणाले.

घरी विद्यावतीकाकू चुलीशी बसल्या होत्या. काकांनी त्यांना सगळे सांगितले, आवाज न चढवता, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसे. काकूंनी ऐकून घेतले आणि विचारले, "दूध उकळलं होतं काय?"

"उकळायला दूध कुठं होतं? गाय विकून दोन वर्सं झाली. दिले लापूद होतं, डब्यातलं. भुकटीला काय उकळायचं? कोमट पानी घातलं, ढवळलं, विरजण लावलं."

"आणि घुसळताना?"

"पानी वाढवलं. चार डबे."

"कुठलं?"

काकांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मी पुढे कितीतरी वर्षे विसरू शकलो नाही. प्यायचे पाणी सकाळपासून रस्त्यावरच्या नळावरून वाहून आणले होते. दुपारी नळाला धार राहिली नाही, म्हणून ताकासाठी बैठकेच्या छपरावरच्या टाकीचे पाणी काढले होते. डाळ, भात, भाज्या, सगळ्याला टाकीचेच पाणी होते. पण ते सगळे तासन्‌तास उकळले होते. एक ताक तेवढे चुलीवर चढलेच नव्हते.

"गायीचं दूध असतं तर उकळल्याबिगर तू विरजलं नसतंस," काकू म्हणाल्या. रागात त्या नवऱ्याला एकेरी बोलत. "डबा आला आणि उकळी गेली. मी पण घरात तसंच करते. आज कळतंय."

सकाळी उजाडताच आम्ही शिडी लावून टाकी पाहिली. झाकण वादळात उडाले होते. त्याच्या जागी कुणीतरी पत्र्याचा तुकडा टेकवून ठेवला होता. आत तळाशी कुजलेल्या पानांचा थर होता आणि एक मेलेला पक्षी. काकांनी वाकून पाहिले आणि खाली उतरून हात धुतले. "रविवारी सभा हाय ना?" एवढेच ते म्हणाले.

मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला हे येथे नोंदवले पाहिजे. टाकी स्वच्छ करून घेऊ, झाकण बसवू, घेवड्यावरचा ठराव मी कसातरी लांबवतो, असे मी सुचवले. कढई त्यांच्या हातातून जाईल ही भीती मला वाटत होती. वीस वर्षांचे नाव एका वाक्यात जाऊ शकते. काकांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "तू शिकलेला हायस. मला एक सांग. टाकी धुतली, आणि पुढच्या सालात कुणी घरी बारशाला असंच ताक केलं तर? त्याला कोण सांगणार?"

सभेला बैठक भरली होती. सुनयना मागच्या भिंतीला टेकून उभी होती. बसायला जागा असूनही ती बसली नाही. बलराम मास्तरांनी ठराव वाचायला मला खूण केली, तेवढ्यात काका उठले.

"घेवड्यात दोष नव्हता," ते म्हणाले. "ताकात होता. ताक मी केलं. टाकीचं पानी न उकळता घातलं. टाकीत पक्षी मरून पडला होता."

मागून एकजण हसला. "ताकानं कधी कुणाला काय झालंय? ताक तर पोट धरायला देतात!"

"देतात. मीच देतो. म्हणूनच कुणाच्या ध्यानात आलं नाय, माझ्या पण नाय."

"गजेंद्र, तू त्या बाईला वाचवतोयस," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुमी ताक पिलात काय?"

"पिलो."

"पडलात?"

मास्तर मान खाली घालून ठरावाचा कागद चाळू लागले. ते दोन दिवस अंथरुणात होते, आणि ती गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आता हशा मास्तरांवर फुटला. काकांनी खिशातले दाणे टेबलावर ओतले आणि घरोघरची नावे तोंडपाठ सांगितली. अठ्ठावन्न नावे. शेवटी म्हणाले, "मी ताकाला आलोय, भांडं लपवणार नाय. सुनयनाचं नाव ठरावातून काढा. माझं घाला."

मास्तर वाईट माणूस नव्हते. पण मंडळ चालवायचे म्हणजे लोकांना काहीतरी झालेले दिसावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. काकांनी यापुढे कढईला हात लावायचा नाही, असे ठरले. चतुर्थीला त्रियोलेहून आचारी बोलवायचा, आणि ताक बंद. त्याऐवजी बाटलीतले रंगीत सरबत.

"कढई घ्या," काका म्हणाले. "मला कढई नकोच. मला ताकाचं पातेलं द्या."

"ताक कुणी पिणार नाय, गजेंद्र!"

"ते पिणारे ठरवतील. ज्या भांड्यात चूक झाली, त्या भांड्याशी मी उभा राहणार. आत जागा नाय दिलीत तर दाराशी."

इंद्राणीआजी पुढच्या बाकावर होत्या. त्यांनी काठी आपटली. "दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणे. आमचं ताकानंच पोळलं. आता काय फुंकायचं, तेवढं सांग रे बाबा!"

सभा त्या हशातच संपली. ठरावात सुनयनाचे नाव आले नाही. ती सगळ्यांच्या आधी निघून गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ती त्यांच्या मागच्या दाराशी आली आणि म्हणाली, "टाकीचं झाकण करायला सिमेंट कोण कालवणार?" ते झाकण त्या दोघांनी मिळून ओतले. ते आजही टाकीवर आहे.

सप्टेंबरमधल्या चतुर्थीला काका पहाटे पाच वाजता बैठकेच्या अंगणात आले. भर रस्त्यावरून दिसेल अशा जागी तीन दगड मांडले, त्यांवर पातेले ठेवले आणि पाणी उकळले. येणाऱ्याजाणाऱ्याने बुडबुडे पाहावेत, हा उद्देश होता. पाणी झाकून निववले, भुकटीही उकळत्या पाण्यातच कालवून आदल्या दिवशी विरजलेली. गाय पुन्हा घ्या असे पुष्कळांनी सुचवले होते. काकांनी ते ऐकले नाही. "दोष भुकटीचा नव्हता," ते म्हणत, "घाईचा होता. गाय घेऊन मी काय दाखवणार? ज्यांच्याकडे गाय नाय त्यांनी काय करायचं?" अडीचशे माणसांत त्या दिवशी नऊ पेले ताक गेले. त्यातला एक माझा आणि एक सुनयनाचा. बाकीचे काकांनी संध्याकाळी केळीच्या बुंध्याशी ओतले, पातेले घासले आणि पालथे घातले.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. मागच्या दाराशी येणारी माणसे कमी झाली होती, पण थांबली नव्हती, आणि आता काका ओवा हातावर ठेवण्याआधी विचारीत, "पानी कुठलं पिताय? उकळता काय?" जिऱ्याचे पाणी सांगायचे तर जिरे नंतर, उकळी आधी. ताप असेल, रक्त पडत असेल, मूल मलूल झाले असेल, तर ते ओव्याला हात न लावता बसचे वेळापत्रक सांगत आणि इस्पितळाकडे धाडत. एकदा एका बापाला त्यांनी दारातूनच हाकलून बसमध्ये बसवले होते. बाळंतिणींच्या घरी विद्यावतीकाकू जात आणि दुधाच्या डब्यावर हात ठेवून तेच सांगत. हा उपदेश लोकांना फार आवडत होता असे नाही. "उकळीवाला" असे नाव त्यांना पडले. त्यांनी ते कधी मनाला लावून घेतल्याचे दिसले नाही.

कढई त्यांना एकोणऐंशी साली परत देऊ केली गेली. त्रियोलेच्या आचाऱ्याचे जेवण चविष्ट होते, पण रात्री झोप लागत नव्हती. मास्तर स्वतः घरी आले. काका म्हणाले, "कढई सुनयनाला द्या. तिला माझ्यापेक्षा घेवडा बरा जमतो." बाईच्या हाती मोठी कढई, तीही विधवेच्या? मंडळात यावर दोन सभा झाल्या. तिसऱ्या सभेला काकांनी निरोप पाठवला की ती नसेल तर तेही नाहीत. आल्याचा काप, हिंग, ओवा, सगळा क्रम सुनयनाने जसाच्या तसा चालवला. फक्त आवाज तिचा काकांपेक्षा मोठा होता, आणि तो अनेकदा काकांवरच चढत असे.

मी त्याच सुमारास बो बासेंला राहायला गेलो. गावी येणे सणापुरते उरले. दर चतुर्थीला अंगणात तेच तीन दगड दिसत, आणि पेल्यांची संख्या कूर्मगतीने वाढत असलेली. तीस झाली, साठ झाली. नव्या सुना येत होत्या, पाडव्याची ती रात्र न पाहिलेली मुले मोठी होत होती. तरी जे त्या रात्री आजारी पडले होते, त्यांतले बरेचजण पेला पुढे आला की हात आडवा करीत. काका पुढच्या पानाकडे सरकत. आग्रह त्यांनी कधीच केला नाही.

शहाऐंशीच्या चतुर्थीला तीनशेंहून अधिक माणसे होती. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. भात झाला, भाज्या झाल्या, खीर झाली. मी वाढायला होतो. पंगतीच्या मध्यावर बलराम मास्तर बसले होते, आता निवृत्त, केस पांढरे. वाढपी ताकाची बादली घेऊन त्यांच्यापर्यंत पोहोचला, आणि बादलीत पळी खणखणली.

"काय?" मास्तर म्हणाले. "संपलं?"

"संपलं, मास्तर."

"संपलं म्हणजे? माझ्यापुढं अजून पन्नास पानं हायेत! गजेंद्र! अरे गजेंद्र! एवढंसं ताक करतात काय चतुर्थीला?"

दुसऱ्या टोकाकडूनही ओरडा झाला. कुणी म्हणाले पहिल्या पंगतीने दोनदोन पेले ढोसले. कुणी म्हणाले म्हातारा कंजूष झाला. काका अंगणातून दारात आले. हातात रिकामे पातेले, भुवया तशाच आखूड. अकरा वर्षांत प्रथमच त्यांना ताकावरून शिव्या बसत होत्या, आणि ते त्या पूर्ण होईपर्यंत ऐकत उभे राहिले.

"दही हाय," ते म्हणाले. "पानी नाय."

"मग नळाचं घाल की! नळ वाहतोय," कुणीतरी सुचवले.

"नाय. उकळून, थंड पाण्यात ठेवून निववायला अर्धा तास लागेल. ज्यांना घाई हाय त्यांनी उठावं."

सुनयना स्वयंपाकघरातून धावत आली. "अर्धा तास? काका, तिसरी पंगत उन्हात उभी हाय! उठवा ह्यांना!"

काकांनी तिच्याकडे पाहिले नाही. ते अंगणात जाऊन लाकडे पुढे सारू लागले. मी पंगतीकडे पाहिले. पंगत एकदम उठते. एकाने उठायचे आणि बाकीच्यांनी बसायचे अशी आमच्यात रीत नाही. मास्तरांनी खरकटा उजवा हात गुडघ्यावर उलटा टेकवला, पाठ भिंतीला लावली आणि डोळे मिटले. त्यांच्या शेजारच्याने पाय मोकळे केले. बाहेर जाळ लागल्याचा आवाज आला. हातांवरची खीर वाळू लागली, पण कुणीही उठले नाही.